आधी शेक, मग व्यायाम

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय आहे जुन्या दुखण्याचा. जुनं म्हणजे तीन महिने उलटून गेले तरी न गेलेलं. गुडघ्याचं, कमरेचं, मानेचं, खांद्याचं. पाय मुरगळला तर आठ-पंधरा दिवस ठणकतो आणि बरा होतो. जुन्या दुखण्याचं तसं नसतं. ते कधी कमी होतं, कधी उसळी घेतं, आणि हळूहळू माणूस त्याच्या कलाने जगायला लागतो. आधी जिने टाळतो, मग बाजार, मग लग्नकार्यं, आणि शेवटी घराबाहेर पडणंच नको म्हणतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली बावीस वर्षं माझा दवाखाना आहे. माझ्याकडे खुरपणीला जाणाऱ्या बायका येतात, एसटीचे चालक येतात, शिक्षक येतात, शिलाई मशीनवर बसणाऱ्या मुली येतात, आणि दिवसभर संगणकासमोर बसणारी मुलंही येतात. व्यवसाय निरनिराळे, पण बहुतेकांच्या हातात एक पिशवी असते. तीत एक्स-रे, संपत आलेली मलमाची ट्यूब, कसल्याशा तेलाची बाटली, नी-कॅप किंवा कमरेचा पट्टा असा सगळा संसार असतो. पिशवी टेबलावर ठेवून ते सांगतात, "मॅडम, सगळं करून झालं."

या "सगळ्या"चा हिशेब मी हमखास विचारते. मग कळतं, की तेल महिनाभर लावलं, गुण आला नाही म्हणून सोडलं. मग कुणीतरी मिठाचा शेक सांगितला, तो पंधरा दिवस घेतला. मग तालुक्याला जाऊन दहा दिवस "करंट" घेतला. तेवढे दिवस बरं वाटलं, मशीन थांबलं आणि दुखणं परत आलं. मग पट्टा. मध्येच दोन दिवस व्यायाम केला, पण दुखलं, म्हणून तोही बंद. म्हणजे उपचार सगळे झाले, पण एकामागून एक झाले. एक संपला की दुसरा. एकाला दुसऱ्याची मदत कधी मिळालीच नाही.

मला आज एवढंच सांगायचं आहे, की सुई आणि सुरीविना होणारे हे जे उपचार आहेत, त्यांतल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. ते काम ओळखून, योग्य क्रमाने त्यांची जोडी जमवली, तर जुन्या दुखण्यातही पुष्कळ फरक पडतो. आणि क्रम चुकला, तर पैसे जातात, वेळ जातो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रुग्णाची उमेद जाते.

दुखणं टिकून का राहतं?

उदाहरणासाठी गुडघा घेऊ. आपल्याकडे म्हणतात, "गुडघ्यातलं वंगण संपलं." हा शब्द रुग्णाच्या मनात घट्ट बसतो. वंगण संपलेलं यंत्र चालवलं तर ते आणखी झिजणार, मग चालायचं कशाला, असं त्याला वाटतं. पण गुडघा म्हणजे सायकलची चेन नव्हे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. चालताना कूर्चा दाबली जाते आणि सुटते. या दाबण्या-सुटण्यातून द्रव आत-बाहेर होतो आणि तिला खाऊ-पिऊ घालतो. म्हणजे सांध्याला हालचाल हवीच असते. हालचाल बंद केली तर त्याची उपासमार होते.

दुसरी गोष्ट स्नायूंची. गुडघा दुखतो किंवा सुजतो तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्थेकडून जणू हुकूम येतो, की जोर लावू नकोस. हा स्नायू गुडघ्याचा मुख्य आधार. तो ढिला पडला की पायरी चढताना सगळा भार सांध्यावर येतो. भार आला की दुखतं. दुखलं की आपण हालचाल आणखी कमी करतो. मग स्नायू आणखी वाळतो. दरम्यान मांडीच्या मागच्या शिरा आणि पोटऱ्या आखडतात, गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो. वजन दोन-चार किलोंनी वाढतं. अशी ही साखळी. म्हणून एखादाच उपचार करून भागत नाही. तो साखळीची एक कडी सोडवतो, बाकीच्या कड्या तशाच राहतात.

एक्स-रेबद्दलही सांगते. एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा हिशेब नेहमी जुळत नाही. भरपूर झीज दिसत असूनही शेतात जाणारी माणसं मी पाहते, आणि किरकोळ झीज असून खाटेला खिळलेलीही पाहते. झिजलेलं हाड पूर्ववत करणं माझ्या हातात नाही. पण आखडलेपणा, अशक्तपणा, भार आणि भीती, या चारही गोष्टींवर काम करता येतं.

कोणाचं काम काय?

पहिलं काम दुखणं थोडा वेळ शमवण्याचं. इथे शेक, बर्फ, मालिश आणि मशीनं येतात.

शेकाने त्या भागातला रक्तपुरवठा वाढतो, ताठरलेले स्नायू सैल होतात, सकाळचा आखडलेपणा कमी होतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, एवढं पुरेसं असतं. सांधा सुजलेला, लाल आणि हाताला गरम लागत असेल तर मात्र शेक नको. तिथे बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं ठेवावा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी शेक आणि बर्फ दोन्ही जपून घ्यावेत. पाय भाजल्याचं कळत नाही आणि जखम मात्र महिनोन् महिने चिघळते. शेकाची पिशवी घेऊन झोपी जाऊ नये, हेही त्यातच आलं.

मालिशबद्दल एक गैरसमज आहे, की तेल कातडीतून झिरपत सांध्यापर्यंत पोचतं आणि वंगणाचं काम करतं. तसं होत नाही. मालिशचा गुण असतो तो मुख्यतः हाताचा. दाबाने आणि घर्षणाने स्नायू सैलावतात, मन शांत होतं. तेल कोणतंही चालतं, महागडं असण्याची गरज नाही. पण एक पोटरी अचानक सुजली असेल, गरम आणि दुखरी असेल, तर ती चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते, तेव्हा लगेच डॉक्टर गाठा.

आता मशीनं. लहान मूल पडलं की आई काय करते? जिथं लागलं तिथं चोळते, आणि मूल रडायचं थांबतं. यामागे एक शास्त्र आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली असा विचार मांडला, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक प्रकारचं दार असतं. स्पर्शाचे, दाबाचे संदेश मोठ्या संख्येने पोचले की ते दार अर्धवट बंद होतं आणि वेदनेचे संदेश मेंदूकडे कमी जातात. रुग्ण ज्याला "करंट" म्हणतात ते टेन्सचं मशीन याच कल्पनेतून पुढे आलं. चिकटपट्ट्यांतून सौम्य मुंग्या येतात, आणि काहींना मशीन चालू असेपर्यंत बरं वाटतं. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

पण या मशीनांच्या मर्यादा उघडपणे सांगितल्या पाहिजेत. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी "नाइस" नावाची संस्था आहे. तिने २०२२ साली सांध्यांच्या झिजेबद्दल जी तत्त्वं दिली, त्यांत व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं यांना पहिलं स्थान आहे. हाताने सांधा मोकळा करण्याचे उपचार खुबा आणि गुडघ्यासाठी, आणि तेही व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, असं तिने म्हटलं. टेन्स, अल्ट्रासाउंड अशी विजेची मशीनं मात्र देऊ नयेत, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असंही सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीबद्दल जवळपास हाच सूर लावला. व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं, मालिश आणि हाताचे उपचार यांना तिने मान्यता दिली. टेन्स, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन आणि पट्टे हे नेहमीचे उपचार म्हणून वापरू नयेत, असं म्हटलं.

माझ्या दवाखान्यात ही मशीनं आहेत. त्यांच्यावर रुग्णांचा विश्वासही दांडगा असतो. चकचकीत खोका, दिवे, आवाज, त्यामुळे काहीतरी मोठं घडतंय असं वाटतं. मी मशीन लावते ते एखाद्याला दुखण्यापायी पाय हलवणंच अशक्य झालं असेल तर, आणि सुरुवातीचे मोजके दिवस. महिनाभर रोज या आणि नुसतं मशीन लावून जा, असं कुणी सांगत असेल, तर "मी व्यायाम कधी सुरू करायचा?" हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे.

दुसरं काम आखडलेलं मोकळं करण्याचं. सांधा हाताने हळुवार हलवणं, ताणाचे व्यायाम, योगासनांतले सोपे ताण, हे सगळं यात येतं. तिसरं काम ताकद वाढवण्याचं. ते फक्त व्यायामच करू शकतो, त्याला पर्याय नाही. आणि चौथं काम सांध्यावरचा भार कमी करण्याचं. यात वजन येतं, काठी येते, बसण्या-उठण्याच्या सवयी येतात.

वजनाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या संशोधकांना २००५ साली असं आढळलं, की वजन एक किलो कमी झालं, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसभरात आपण किती पावलं टाकतो, त्याला चारने गुणून पाहा. तीन किलो वजन उतरलं तर आरशात कुणाला दिसणार नाही, पण गुडघ्याला कळेल.

आणि काठी. काठी म्हणजे म्हातारपणाची पाटी, असं समजून लोक ती टाळतात. आणि घेतात तेव्हा दुखऱ्या पायाच्या बाजूलाच धरतात. काठी विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजव्या पावलाबरोबर ती पुढे टाकायची. हात सरळ खाली सोडला असता मनगटाच्या घडीपर्यंत येईल, एवढी तिची उंची असावी.

जोडी जमते तेव्हा

या जोडीला अभ्यासाचा आधार आहे का? आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ इथल्या लष्करी रुग्णालयात ८३ गुडघेदुखीच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, हाताचे उपचार आणि त्याबरोबर व्यायाम दिला. दुसऱ्या गटाला अल्ट्रासाउंडचं मशीन लावलं, पण त्याची मात्रा परिणाम होणार नाही इतकी कमी ठेवली. आठ आठवड्यांनी पहिल्या गटाचं दुखणं, आखडलेपणा आणि हालचालींतली अडचण मिळून निम्म्याहून अधिक कमी झाली होती. दुसऱ्या गटात तसा बदल दिसला नाही. वर्षभरात दुसऱ्या गटातल्या २० टक्के लोकांना गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागली, पहिल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होतं. अभ्यास लहान होता, तरी दिशा दाखवणारा होता.

याच संशोधकांचा २००५ सालचा पुढचा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात १३४ रुग्ण होते. एका गटाला दवाखान्यात हाताचे उपचार, देखरेखीखाली व्यायाम आणि घरचा व्यायाम, असं तिन्ही मिळालं. दुसऱ्याला फक्त घरचा व्यायाम शिकवला. चार आठवड्यांनी पहिल्या गटात ५२ टक्के सुधारणा होती, दुसऱ्यात २६ टक्के. पण वर्षानंतर पाहिलं, तेव्हा दोन्ही गट जवळपास सारख्याच पायरीवर आले होते. पहिल्या गटात औषधं घेणारे कमी होते, हा फरक राहिला.

याचा अर्थ मी असा घेते. माझ्या हातांनी सुरुवात लवकर होते, धीर येतो, गोळ्या कमी होतात. पण वर्षाच्या शेवटी टिकतं ते घरी केलेलं. ज्यांना महिनाभर दवाखान्याच्या खेपा परवडत नाहीत, ज्यांचा दिवसाचा रोजगार बुडतो, त्यांनी यातून हिंमत घ्यावी. व्यायाम नीट शिकून घ्यायला दोन-तीन खेपा पुरतात, पुढचं बरंचसं घरात होतं.

आणखी एक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयांतल्याच अभ्यासात १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षाच्या शेवटी फिजिओथेरपीच्या गटाचं दुखणं आणि अडचण कमी होती. इंजेक्शनने दोन्हींत फरक पडला नाही असं नाही, पण हा उपचार पुढे गेला.

एका बाईंची गोष्ट

आता माझ्या दवाखान्यातलं एक उदाहरण. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखत होते, उजवा जास्त. मुलांबरोबर जमिनीवर बसायचं, उठायचं, पातेली उचलायची, आणि घरी जाताना एसटीची ती उंच पायरी चढायची. बसलं की उठता येईना. काम सोडावं लागेल या धास्तीने त्या रोज सकाळी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी घेत होत्या. कुणी लिहून दिलेली नव्हती, शेजारणीने सांगितलेली. रक्तदाबाचा त्रास होताच.

रोजच्या या गोळ्यांनी जठराला व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासण्या करून गोळी कशी कमी करायची ते ठरवून दिलं. मग आम्ही चार कामांची वाटणी केली. सकाळी शेक. शेक संपताच, अंग गरम असतानाच, मांडीमागच्या आणि पोटऱ्यांच्या शिरांचे ताण. त्यानंतर लगेच ताकदीचे तीन व्यायाम. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येऊन हाताचे उपचार. अंगणवाडीत जमिनीऐवजी बुटकं स्टूल. संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं बंद.

पहिले दोन आठवडे त्या रोज म्हणायच्या, "बाई, मशीन लावा ना." तिसऱ्या आठवड्यात मशीनचं नाव निघालं नाही. बाराव्या आठवड्यात त्या खुर्चीवरून हात न टेकता सलग दहा वेळा उठल्या. गुडघे पूर्ण दुखायचे थांबले का? नाही. पावसाळी हवेत, लांबच्या प्रवासानंतर दुखतातच. पण रोजची गोळी सुटली, आणि काम टिकलं. जाताना म्हणाल्या, "आता पायरी चढताना कंडक्टरला हात द्यावा लागत नाही." माझ्या कागदावर दुखण्याचा आकडा सातावरून तीनवर आला होता. त्यांचं मोजमाप एसटीच्या पायरीचं होतं, आणि ते माझ्या मोजमापापेक्षा चांगलं होतं.

घरी काय करता येईल?

क्रम लक्षात ठेवा. आधी शेक पंधरा मिनिटं. शेकाने जो तास-दीड तास बरा जातो, तो कॉटवर पडून घालवायचा नाही. शेकाचा खरा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा त्यामागून व्यायाम येतो.

मग पाच मिनिटं ताण. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, पोटरीला ओढ बसेल एवढंच पुढे झुका. वीस-तीस आकडे मोजा. झटके देऊ नका.

मग ताकद. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दुसरा व्यायाम, उताणं झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे मोजून हळूच खाली आणा. तिसरा सगळ्यांत कामाचा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं. जमत नसेल तर खुर्चीवर गोधडीची घडी ठेवून उंची वाढवा. जसजसं जमेल तशी घडी काढून टाका. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस केले तरी चालतात, ताण मात्र रोज.

आणि चालणं. दहा मिनिटांपासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. चालून आल्यावर गुडघा सुजत असेल तर दहा मिनिटं बर्फ.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. किती दुखलं तर चालेल? मी रुग्णांना साधा नियम सांगते. शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं, तर व्यायाम करताना चारपर्यंत गेलं तर घाबरू नका. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही, तर व्यायाम सोडायचा नाही, फक्त तो निम्मा करायचा. अगदी इथेच बहुतेकांची गाडी घसरते. दुसऱ्या दिवशी दुखलं की "व्यायाम मला मानवत नाही" असा निकाल लागतो, आणि पिशवीत आणखी एक ट्यूब येते.

कमरेलाही हाच क्रम लागू आहे. आठवडाभर अंथरुणाला खिळून राहिल्याने जुनी कंबरदुखी बरी होत नाही. पट्टा सतत बांधला तर बांधणाऱ्याचा त्याच्यावरचा भरवसा वाढतो आणि स्वतःच्या पाठीवरचा कमी होतो. शेक, सौम्य मालिश, पाठीचे आणि पोटाचे व्यायाम, आणि रोजचं चालणं, ही तिथली जोडी. शिलाई मशीनवर बसणाऱ्या मुलींची मान आणि खांदे दुखतात, तिथे शेक आणि खांद्याच्या व्यायामाबरोबर स्टुलाची उंची बदलावी लागते, आणि दर अर्ध्या तासाला उठून उभं राहावं लागतं. ते केलं नाही, तर सकाळी मिळवलेलं संध्याकाळपर्यंत हातातून जातं.

जोडी जमवणं म्हणजे ढीग लावणं नव्हे, हेही सांगायला हवं. शेक, वर मलम, वर पट्टा, वर करंट, असं चार-चार गोष्टींचं कडबोळं केलं, आणि माणूस मात्र कॉटवर पडून राहिला, तर चारही उपचार मिळून एकच काम करताहेत, दुखणं तात्पुरतं शमवण्याचं. बाकीची तीन कामं तशीच पडून आहेत.

आधी डॉक्टर कधी?

काही लक्षणं असतील तर यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दुखण्याबरोबर ताप येत असेल, कारण नसताना वजन घटत असेल, रात्रीची झोप दुखण्याने मोडत असेल. हातापायांचे लहान सांधे सुजत असतील आणि सकाळी तासभर बोटं वळत नसतील, तर तो आमवातासारखा आजार असू शकतो, त्याला वेळेवर औषधं लागतात. पडल्यानंतर पाय टेकवता येत नसेल. आणि कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली शक्ती गेली, तर एक दिवसही थांबू नका, थेट रुग्णालयात जा. आणि शस्त्रक्रियेला नावं ठेवू नका. हे सगळं मन लावून करूनही रात्री झोप लागत नसेल, चार पावलं टाकता येत नसतील, तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया माणसाला पुन्हा उभं करते. आणि तेव्हाही आधी कमावलेली मांडीतली ताकद उपयोगी पडतेच.

शेवटी एक करा. एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर दुखण्याचा आकडा लिहू नका. तुमच्या दुखण्याने तुमची कोणती गोष्ट हिरावून घेतली, ती लिहा. मंदिराच्या पायऱ्या असतील, लेकीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जाणं असेल, नातवंडाला उचलून घेणं असेल, बांधावरून चालत जाणं असेल. मग रोज, शेक घेतला का, ताण झाले का, खुर्चीवरून किती वेळा उठलो, एवढ्या तीन खुणा करा. बारा आठवडे. अधूनमधून दिवस चुकतील, पाहुणे येतील, सुगी असेल. चुकलेला दिवस सोडून द्यायचा आणि पुढच्या दिवशी पुन्हा खूण करायची.

बारा आठवड्यांनी पहिलं पान उघडा, आणि तिथं लिहिलेलं करून पाहा. माझ्याकडे येणारे पुष्कळ लोक ते करू शकले आहेत, काही पूर्ण, काही अर्धं. तुम्ही मात्र त्या पानावर आज काय लिहायचं, ते आताच ठरवा.